ताप उतरल्यावरचा धोका

१७८० साली मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, अंग मोडून काढणाऱ्या तापाची साथ पसरली होती. डेंग्यूसारख्या तापाच्या हिंदुस्थानातील अगदी आरंभीच्या नोंदींत तिची गणना होते. ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला, की या शहरात तापाचे रुग्ण आजही वाढतात. पाण्याची पिंपे आणि टाक्या एडिस डासाला प्रियच असतात.

ताप उतरला, की दुखणे सरले असे घरची माणसे मानतात. डेंग्यूत मात्र खरा धोका पुष्कळदा तेव्हाच, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, उभा राहतो. काही रुग्णांच्या रक्तवाहिन्या त्या सुमारास पाझरू लागतात.

केशवाहिनीची भिंत अवघ्या एका पेशीच्या जाडीची असते. शेजारच्या पेशी व्हीई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात. ही भिंत विटांसारखी निर्जीव नव्हे. तिला निरोप कळतात. अँजिओपोएटिन-१ हे द्रव्य ‘धरून राहा’ असे सांगते, तर व्हीईजीएफ आणि टीएनएफ ही द्रव्ये ‘सैल व्हा’ असे. सैल होण्याचा निरोप पोचला, की पेशीतील तंतू आकुंचन पावतात, कॅडहेरिनची पकड ढिली पडते आणि फटीतून रक्तद्रव बाहेर झिरपतो. काटा रुतल्यावर बोट सुजते ते याच क्रियेने, आणि तेथे ती उपकारकच असते. डेंग्यूत हीच क्रिया शरीरभर होते. रोगप्रतिकारक पेशी असे निरोप बेसुमार सोडतात. शिवाय विषाणूचे एनएस-१ हे प्रथिनही भिंत सैल करते, असे २०१५ साली प्रयोगांत आढळले. पहिल्या दिवसांतील रक्तचाचणीत शोधतात ते प्रथिन हेच.

द्रव बाहेर जातो, तांबड्या पेशी मात्र आतच राहतात. म्हणून रक्त दाट होते आणि हिमॅटोक्रिट चढतो. घरोघरी चर्चा चालते ती प्लेटलेटांची. पाझर ओळखण्यासाठी या दुसऱ्या आकड्याकडे पाहणे अधिक अगत्याचे. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, अस्वस्थता, गार पडलेले हातपाय ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

हा पाझर बहुधा २४ ते ४८ तास टिकतो. पेशी मेलेल्या नसतात, केवळ सैलावलेल्या असतात. त्या आपण होऊन पुन्हा एकमेकींना धरतात. तोवर सलाइन मोजून देत रुग्णाला तारून न्यायचे असते. मोजून अशासाठी, की बाहेर गेलेला द्रव पुढे रक्तात परततो, आणि सलाइन जादा झाले असल्यास फुप्फुसात पाणी साचते.