पूरग्रस्तांना मदत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत नैसर्गिक आपत्ती म्हटली की पहिले नाव पुराचे. ऊर्जानगरच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी पुरवणाऱ्या इरई धरणाचे दरवाजे उघडले आणि त्याच वेळी वर्धा नदी दुथडी भरलेली असली, तर इरईच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. फुगवटा मागे सरकतो आणि चंद्रपूर शहरातल्या रहमतनगरसारख्या सखल वस्त्यांत पाणी शिरते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाच्या विसर्गामुळे वैनगंगेने ब्रह्मपुरी तालुक्यातील गावे वेढली. जुलै 2022 मध्ये गोदावरीने सिरोंचा तालुक्यात तेच केले. पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता जवळपास दर पावसाळ्यात बंद होतो.

अशा वेळी बाहेरून जितके डॉक्टर आणि परिचारिका लवकर पोहोचतील तितके बरे, ही समजूत सर्वांत रूढ आहे. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत माणसे वाचवतात ती मुख्यतः शेजारी, गावचे नावाडी आणि बचाव पथके. पूल पाण्याखाली असताना न बोलावता आलेले पथक अलीकडच्या काठावर अडकते. पलीकडे पोहोचलेच, तर नावेतली जागा, जेवण आणि निवारा त्याच्यासाठीही लागतो. शिवाय पुरात जखमींपेक्षा अडकलेल्यांची संख्या मोठी असते. नेमके दिवस भरलेली गरोदर बाई, सर्पदंश झालेला शेतकरी, रोजची गोळी संपलेला रक्तदाबाचा रुग्ण अशांची सोय आधीच करावी लागते. म्हणूनच दुर्गम भागातील गरोदर महिलांना प्रसूतीपूर्वी आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त आणले जाते आणि संपर्क तुटणाऱ्या गावांत पावसाळ्याआधीच धान्य पोहोचवले जाते. ही मदत दिसत नाही, पण सर्वाधिक उपयोगी पडते.

वैद्यकीय कौशल्याची खरी गरज पाणी ओसरल्यावर भासते, नेमकी तेव्हा स्वयंसेवकांची गर्दी पांगलेली असते. दूषित विहिरींमुळे जुलाब लगेच, तर कावीळ काही आठवड्यांनी दिसते. लेप्टोस्पायरोसिसलाही काही दिवस ते काही आठवडे लागतात. साचलेल्या पाण्यात डास वाढल्यावर हिवताप येतो, आणि गडचिरोली हा राज्यात हिवतापाचा सर्वाधिक भार असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. त्या काळात प्राथमिक आरोग्य केंद्रात सलग दोन आठवडे बसणारा एक डॉक्टर, एका दिवसाच्या शिबिरात फोटो काढून परतणाऱ्या दहा जणांपेक्षा मोलाचा. भाषेचाही प्रश्न असतो: भामरागडकडे माडिया, सिरोंचाकडे तेलुगू. आशा कार्यकर्ती सोबत नसेल तर रुग्णाची तक्रारच नीट कळत नाही.

डॉक्टरने आपत्तीत कुठेही जाऊन उपचार सुरू करावेत, असेही मानले जाते. पण मदतीचा समन्वय प्रशासनाकडे असतो: आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. नोंदणी प्रमाणपत्र सोबत घेऊन, कोणते काम येते आणि किती दिवस थांबता येईल हे जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांना कळवून, त्यांनी नेमलेल्या ठिकाणी जाणे हाच योग्य मार्ग. हे पावसाळ्याआधी केले तर आणखी चांगले.

मृतदेहांमुळे साथ पसरते ही भीती निराधार आहे. बुडून किंवा आघाताने मेलेल्यांच्या शरीरात साथीचे जंतू सहसा नसतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून ओळख न पटवता घाईने सामूहिक अंत्यविधी करू नये. पिण्याच्या पाण्यात मेलेली जनावरे मात्र तातडीने काढावी लागतात.

आपत्तीची बातमी आली की रक्तपेढीत रांग लागते. पण पुरात रक्ताची मागणी फारशी वाढत नाही आणि रक्त साधारण पाच-सहा आठवडेच टिकते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेकांना वारंवार रक्त लागते. पुरुषांनी तीन, महिलांनी चार महिन्यांच्या अंतराने नियमित केलेले रक्तदान त्यांच्या कामी येते.

घरातली उरलेली औषधे पाठवणे हा सर्वांत महागडा उपकार. 1988 च्या आर्मेनियातील भूकंपानंतर सुमारे 5,000 टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य गोळा झाले. त्यातली जेमतेम 30 टक्के औषधे सहज ओळखता येण्याजोगी होती. वर्गीकरणात माणसे अडकली, मुदत संपलेला साठा नष्ट करण्याचा खर्च वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार देणगीच्या औषधांना पोहोचल्यावर किमान एक वर्ष मुदत शिल्लक असावी. रुग्णांनी परत केलेल्या गोळ्या आणि मोफत नमुने चालत नाहीत. अर्धवट पट्ट्या तर नकोतच. जुन्या कपड्यांचेही तेच, ढीग ओले होऊन कुजतात.

पैसा देणे कोरडे वाटते, पण मागणीनुसार जवळच्या बाजारातून ब्लिचिंग पावडर, मच्छरदाणी, ताडपत्री घेता येते ती त्यानेच. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेल्या देणगीवर जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना आयकरात सवलत मिळते. रोख रक्कम 2,000 रुपयांहून अधिक असल्यास मात्र मिळत नाही.