पुराआधीची पिशवी

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी शिरले, तेव्हा निवाऱ्यात आमच्याकडे पहिली मागणी आली ती बीपी-शुगरच्या गोळ्यांची. घरातल्या गोळ्या भिजल्या होत्या, दुकाने बंद होती.

वस्तीतल्या दुकानाकडून लोकांना हवे ते साधेच आहे: ओआरएस, क्लोरीनच्या गोळ्या, पॅड, बॅटरी, कागदपत्रांसाठी प्लास्टिकची पिशवी. तेही सुटे, म्हणजे मजुरीच्या पैशातून आठवड्याला एकेक वस्तू घेता येईल. दुकानदार बांधवांनो, एवढे जूनआधी ठेवा.

भगिनींनो, रोजच्या गोळ्या सात दिवसांच्या जादा ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो काढा. ओआरएसची मोठी पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण कालवा. उरलेले 24 तासांनी फेका. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला, तर लेप्टोची शंका धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेचा 108 पोरांनाही पाठ हवा.