विश्लेषण : आजोबांच्या रेडिओला प्लगच नाही, मग तो चालायचा कशावर?

ताथवड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये गेल्या दिवाळीत एक पाहुणा आला. मावळातल्या आजोळच्या घराचा माळा रिकामा करताना सापडलेला लाकडी पेटीचा रेडिओ. आत चार काचेचे व्हॉल्व्ह शाबूत, डायलवर धूळ आणि मागे फूटभर लोंबणारी चार तारांची शेपटी. तिच्या टोकाला चार पिनांचा एक विचित्र प्लग होता, तो घरातल्या कुठल्याच सॉकेटमध्ये जात नव्हता. ‘याची वायर कुणीतरी कापली असणार’, असं घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी इंजिनीअर असल्यामुळे ती जोडण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

वायर कुणीच कापली नव्हती. या रेडिओला भिंतीतली वीज कधी लागलीच नाही. हरवली होती ती त्याची बॅटरी, आणि तशी बॅटरी आता दुकानात मिळत नाही.

गावात वीज नव्हती, मग रेडिओ कसा?

१९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साथीने एक प्रयोग केला. आताच्या महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची, असं त्याचं स्वरूप होतं. विकासासाठी रेडिओ कसा वापरावा, यावरच्या जगभरच्या अभ्यासात या प्रयोगाचा उल्लेख आजही येतो. पण त्या काळी बहुतेक खेड्यांत विजेचा खांबही पोहोचलेला नव्हता. अशा गावातला रेडिओ म्हणजे कोरड्या बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा संच. पुढे ट्रान्झिस्टर आला, दोन-चार सेलवर चालू लागला, आणि हे संच माळ्यावर गेले. बॅटऱ्या तर त्याआधीच संपून फेकल्या गेल्या होत्या.

एकाच पेटीत दोन बॅटऱ्या

व्हॉल्व्हला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक म्हणजे उष्णता. आतली बारीक तार, म्हणजे फिलामेंट, तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. त्यासाठी या संचात फक्त दीड व्होल्ट पुरतात. दुसरी गोष्ट म्हणजे ओढ. सुटलेले इलेक्ट्रॉन समोरच्या प्लेटपर्यंत खेचायला मोठा व्होल्टेज हवा, इथे तो ९० व्होल्ट. चार तारांमधल्या दोन दीडच्या, दोन नव्वदच्या.

हे आकडे कुठून काढायचे? रेडिओवरचं लेबल बहुधा उडालेलं असतं, पण व्हॉल्व्हच्या काचेवरचं नाव वाचता येतं. युरोपीय पद्धतीत नावातलं पहिलं अक्षर फिलामेंटबद्दल सांगतं. ‘डी’ म्हणजे १.४ व्होल्ट, ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. माझ्या संचात डीके९६, डीएफ९६, डीएएफ९६ आणि डीएल९६ होते. पहिले तीन प्रत्येकी २५ मिलिअँपिअर घेतात, शेवटचा ५०. एकूण १२५. नव्वदच्या बाजूला साधारण १० मिलिअँपिअर लागतात. हरवलेल्या वस्तूचं वर्णन एवढ्यावर पूर्ण होतं.

‘यू’ अक्षराने सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले तर मात्र लगेच थांबा. ते संच थेट घरच्या विजेवर चालतात, अनेकांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि आतला लोखंडी सांगाडा मेन्सला जोडलेला असू शकतो. मागचं झाकण काढून हात घातला तर जीव जाऊ शकतो.

माझी चूक

कुठल्याही पिनला काहीही जोडण्याआधी मल्टिमीटर लावायचा, हे मला माहीत होतं आणि ते मी केलं. रेडिओचा स्विच चालू करून पिनांमधला रेझिस्टन्स मोजला. ज्या जोडीत जेमतेम काही ओहम आले ती फिलामेंटची, जिथे हजारांत आले ती नव्वदची. ही जोडी उलटी झाली तर चारही फिलामेंट एका क्षणात जातात.

इथपर्यंत ठीक होतं. मग घरात पडलेला जुना बॅटरी एलिमिनेटर घेतला, खटका दीड व्होल्टवर ठेवला आणि जोडला. एलिमिनेटरचा दीड हा खरा दीड नसतो. साध्या, नियंत्रण नसलेल्या एलिमिनेटरमधून हलक्या लोडवर त्याच्या दुप्पटसुद्धा येऊ शकतात. सगळ्या फिलामेंट समांतर जोडलेल्या असल्याने एक बारीक तार तुटली की लोड कमी होतो, व्होल्टेज आणखी चढतो आणि पुढची तार तुटते. मी प्लग ओढेपर्यंत दोन व्हॉल्व्ह गेले होते. साठेक वर्षं माळ्यावर उंदरांच्या सोबतीने टिकलेले व्हॉल्व्ह माझ्या हातून दोन सेकंदांत मेले. आईला हे सांगायला मला आठवडा लागला.

मग सरळ उपाय काय?

सगळ्यात सोपा उपाय मला सगळ्यात शेवटी सुचला. चौकोनी नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की ९० व्होल्ट होतात. फिलामेंटसाठी टॉर्चमधला एक जाडा सेल. सध्याच्या अल्कलाइन नऊ व्होल्टच्या बॅटरीची क्षमता ५०० मिलिअँपिअर-तासाच्या आसपास असते, म्हणजे १० मिलिअँपिअरवर पन्नासेक तास. रोज तासभर ऐकलं तर दीड महिना. स्वस्तातल्या साध्या बॅटऱ्या त्याहून लवकर बसतात.

हे दोन पुरवठे एकमेकांपासून वेगळे ठेवायचे. अनेक संचांत नव्वदची ऋण बाजू आणि दीडची ऋण बाजू यांच्यामध्ये एक रेझिस्टर असतो. डीएल९६ ला लागणारा ऋण व्होल्टेज त्यातूनच तयार होतो. ‘मायनसला मायनस’ म्हणून बाहेरून दोन्ही जोडून टाकलं, तर तो रेझिस्टर निकामी होतो आणि व्हॉल्व्ह जास्त करंट खेचत राहतो. हीच गत जुन्या मेणकागदी कपॅसिटरची. शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा कपॅसिटर गळका असतोच असं धरून, पॉवर देण्याआधीच काही रुपयांचा नवा टाकावा.

बॅटऱ्यांचा खर्च नको असेल, तर बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत चौकशी करून छोटा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेता येतो. ७० व्होल्टची सेकंडरी रेक्टिफाय केली की ९८ च्या आसपास मिळतात, मग रेझिस्टर आणि झेनरने ९० वर आणायचं. फिलामेंटसाठी एलएम३१७ वर १.४ व्होल्ट ‘सेट’ करता येतात. मेन्स थेट रेक्टिफाय करण्याचा शॉर्टकट मात्र कधीच नको. त्यातून ३२५ व्होल्ट येतात आणि शॉकपासून वाचवणारा ट्रान्सफॉर्मरही मध्ये नसतो. ९० व्होल्टही साधे नाहीत, कपॅसिटरमध्ये ते बंद केल्यानंतरही काही वेळ राहतात.

मोबाइल चार्जरवर चालणारे, ५ व्होल्टचे ९० करून देणारे छोटे बूस्ट मॉड्यूल ऑनलाइन दिसतात. मी एक घेतला. त्याच्या स्विचिंगचा कर्कश आवाज मीडियम वेव्हभर पसरला, स्टेशन एकही नाही. तो परत केला.

जुन्या ॲम्प्लिफायरलाही हेच लागू?

तत्त्व तेच, आकडे जास्त धोक्याचे. ब्रिटनच्या क्वाड कंपनीचा प्रीॲम्प्लिफायर किंवा स्टुडिओतले जुने व्हॉल्व्हचे माइक बाजारात अनेकदा एकटेच येतात. त्यांचा पॉवर सप्लाय वेगळ्या डब्यात होता आणि तो वाटेत कुठेतरी राहिलेला असतो. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हिंडताना असं काही हाताला लागलं, तर आधी व्हॉल्व्हची नावं टिपून घ्या आणि सप्लायचा खर्च धरूनच भाव करा. ३०० व्होल्टच्या वरचं काम असेल तर ते अनुभवी कारागिराकडेच द्यावं, असं माझं मत आहे. इंजिनीअरिंगची डिग्री इथे फारशी उपयोगी पडत नाही, हे वर आलंच.

गेलेले दोन व्हॉल्व्ह जुन्या साठ्यातून मिळाले, यायला तीन आठवडे लागले. या वेळी नव्वदच्या तारेत एक छोटा टॉर्चचा बल्ब लावला. काही चुकलं तर आधी तो जाईल, व्हॉल्व्ह नाही. ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र लागलं, पण खरखरीच्या मागे. दिवाणखान्यातले एलईडी दिवे आणि वायफायचा ॲडॉप्टर बंद केल्यावर आवाज मोकळा झाला. लिफ्ट चालू झाली की अजूनही खर्र होतं.