स्वयंचलित मोटारीतील गिअर-स्थिती स्विचचे दोषनिदान : एक तर्काधिष्ठित पद्धती

सारांश : स्वयंचलित गिअरपेटीच्या मोटारीत गिअर-स्थिती स्विच बिघडला असता त्याची लक्षणे बॅटरी, स्टार्टर किंवा खुद्द गिअरपेटीच्या बिघाडासारखी भासतात. प्रस्तुत लेखात या स्विचचे कार्य, बिघाडाची कारणे आणि दोषनिदानाचा क्रम यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : गिअर-स्थिती स्विच, स्वयंचलित गिअरपेटी, दोषनिदान, वाहनसुरक्षा.

१. प्रस्तावना

चावी फिरवूनही इंजिन चालू झाले नाही की प्रथम बॅटरीवर आणि नंतर स्टार्टरवर संशय घेतला जातो. अनेकदा हे दोन्ही भाग बदलूनही दोष कायम राहतो. खर्च होतो, पण कारण सापडत नाही. अशा प्रसंगी गिअरपेटीच्या बाहेरील अंगाला बसविलेला एक लहानसा स्विच कारणीभूत असू शकतो. त्याचे निदान चुकल्यास केवळ आर्थिक हानी होते असे नाही, तर सुरक्षिततेचाही प्रश्न उद्भवतो.

२. स्विचचे कार्य

हा स्विच तीन कामे करतो. पहिले, दांडी ‘पी’ किंवा ‘एन’ या स्थितीत असेल तरच स्टार्टरचा परिपथ पूर्ण होऊ देणे. दुसरे, ‘आर’ स्थितीत मागचे पांढरे दिवे लावणे. तिसरे, दांडी कोणत्या स्थितीत आहे याचा संकेत गिअरपेटीच्या नियंत्रक संगणकाला देणे. गाडी गिअरमध्ये असताना इंजिन चालू होऊ नये, ही तरतूद अमेरिकेत १९६८ पासून संघीय वाहन-सुरक्षा मानक क्रमांक १०२ अन्वये बंधनकारक आहे.

३. बिघाडाची कारणे

स्विच गिअरपेटीच्या बाहेर असल्याने पाणी, चिखल, उष्णता व तेल यांच्याशी त्याचा सतत संबंध येतो. आतील संपर्कपट्ट्या झिजतात, जोडणीच्या पिना गंजतात, वायर घासून तुटते. कित्येकदा स्विच निर्दोष असतो. परंतु त्याचे बोल्ट सैल होऊन तो जागेवरून किंचित सरकलेला असतो, अथवा दांडीपासून येणारी केबल ढिली झालेली असते.

४. निदानामागील तर्क

दांडीची केबल गिअरपेटीवरील दंड फिरवते. हा एकच दंड आतील झडपही हलवतो आणि बाहेरील स्विचही. झडपेचे काम यांत्रिक व द्रवीय आहे, तर स्विचचे विद्युत. या दोहोंची तुलना हाच निदानाचा पाया होय. दांडी ‘आर’ मध्ये टाकल्यावर गाडी व्यवस्थित मागे जाते, परंतु बल्ब व फ्यूज ठीक असूनही मागचे दिवे लागत नाहीत. तर केबल आपले काम करीत आहे आणि दोष स्विचमध्ये, त्याच्या बसविण्यात किंवा वायरिंगमध्ये आहे. उलट, दिवेही लागत नाहीत आणि गाडीही ‘एन’ मध्ये असल्याप्रमाणे वागते, तर प्रथम केबल तपासावी. ‘पी’ मध्ये चालू न होणारे इंजिन ‘एन’ मध्ये चालू होत असेल, तर बॅटरी व स्टार्टर दोषमुक्त ठरतात.

५. तपासणीचा क्रम

प्रारंभी हॅण्डब्रेक ओढून चाकांना ठोकळे लावावेत. पूर्ण प्रभारित बॅटरीचा दाब विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट असावा. त्यानंतर स्कॅनरने संकेतांक वाचावेत. ‘पी ०७०५’ ते ‘पी ०७०९’ हे संकेतांक याच परिपथाशी निगडित आहेत. त्यांपैकी ‘पी ०७०९’ अधूनमधून उद्भवणारा दोष दर्शवितो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : संकेतांक दोषी परिपथ दाखवितो, दोषी भाग नव्हे. म्हणून दांडी एकेका स्थितीत सावकाश नेत स्कॅनरवरील स्थिती तिच्याशी जुळते का, हे पाहावे. सर्वच स्थितींत फरक पडत असेल तर केबल व स्विचची जुळणी तपासावी. एकाच स्थितीत पडत असेल तर त्या संपर्कपट्टीवर संशय घ्यावा.

शेवटी जोडणी सोडून मल्टिमीटरने रोध मोजावा. संपर्क जुळलेला असताना तो शून्याच्या जवळ, तर तुटलेला असताना अनंत असावा. मात्र मल्टिमीटर अत्यल्प प्रवाह सोडतो. त्यामुळे गंजलेला संपर्कही निर्दोष भासू शकतो. याकरिता जोडणी पूर्ववत करून, चावी फिरविलेल्या स्थितीत स्विचच्या दोन टोकांमधील दाबातील घट मोजणे अधिक विश्वसनीय ठरते. मोजमाप चालू असताना वायर हलवून पाहिल्यास अधूनमधून येणारा दोषही उघड होतो.

६. मर्यादा व धोका

२०१४ मध्ये भारतात आलेल्या मारुती सेलेरिओपासून रुळलेल्या स्वयंचलित-मॅन्युअल प्रकारात दांडी केवळ विद्युत संकेत देते. तेथे वरील तुलनेचा तर्क जसाच्या तसा लागू होत नाही. निर्मात्याची परिपथ-आकृती पाहणे तेथे अपरिहार्य होय.

स्विचच्या दोन वायरी परस्पर जोडून गाडी चालू करून देण्याचा तात्पुरता उपाय काही ठिकाणी योजला जातो. त्यामुळे इंजिन कोणत्याही स्थितीत चालू होऊ शकते आणि ‘डी’ किंवा ‘आर’ मध्ये राहिलेली गाडी चालू होताक्षणी पुढे वा मागे झेपावते. हा उपाय सर्वथैव वर्ज्य मानावा.

७. निष्कर्ष

भाग बदलून पाहणे म्हणजे निदान नव्हे. लक्षणांची तुलना, मग मोजमाप आणि शेवटी दुरुस्ती, हा क्रम पाळल्यास पुष्कळदा स्विच न बदलता केवळ जुळणी वा जोडणीची सफाई करून दोष दूर होतो. दुरुस्तीनंतर इंजिन केवळ ‘पी’ व ‘एन’ मध्येच चालू होते, अन्य स्थितींत होत नाही, याची ब्रेक दाबून खात्री करून घेतल्याखेरीज काम पूर्ण झाले असे समजू नये.