ए-लेव्हल भूगोलाचा प्रकल्प: प्रश्न कसा निवडावा?



इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला भूगोल घेतलेल्या मुलांना प्रत्यक्ष जागेवर जाऊन स्वतंत्र प्रकल्प करावा लागतो. त्याला एकूण गुणांच्या २० टक्के गुण असतात. प्रश्न मुलांनीच ठरवायचा, शिक्षकही आयता देत नाहीत. बऱ्याच जणांची गाडी तिथेच अडते.

यॉर्कशायरच्या होल्डरनेस किनाऱ्याचे उदाहरण घेऊ या. मॅपलटन गाव वाचवायला १९९१ साली तिथे दोन दगडी बांध समुद्रात घातले. लाटा वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे नेतात. बांधाशी ती अडून गावापुढे साठते. दक्षिणेकडे मात्र पुळण रोडावते आणि शेतांचे कडे अधिक वेगाने ढासळतात.

"मॅपलटनला धूप का होते?" याचे उत्तर पाठ्यपुस्तकात तयार आहे. त्याऐवजी "बांधाच्या उत्तरेची पुळण दक्षिणेपेक्षा किती रुंद आणि उंच आहे?" असे विचारले, तर टेप, दोन काठ्या आणि उतार मोजायचे साधन घेऊन ते दिवसभरात मोजता येते. उत्तर अपेक्षेच्या उलटही येऊ शकते, आणि आम्हाला तीच चांगल्या प्रश्नाची खूण वाटते. आई-बाबांनी प्रश्न सुचवू नये. "हे मोजणार कसे?" एवढेच विचारत राहावे.

निघण्यापूर्वी ओहोटीची वेळ जरूर पाहा. कड्याखाली भरतीत अडकणे जिवावर बेतू शकते. मोजायच्या जागाही घरीच नकाशावर ठरावीक अंतराने आखून घ्याव्यात. तिथे पोचून सोयीच्या जागा निवडल्या, तर आकडेही सोयीचेच मिळतात.