घरातला सराउंड रिसीव्हर आणि आवाजाची दिशा

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी विचारलं होतं, की तत्त्वज्ञ डोळ्याबद्दल इतकं बोलतात, मग कानाबद्दल का नाही? बोलतात की! पण आज मी ते पोथीतून न सांगता माझ्या घरातल्या एका डब्यावरून सांगणार आहे. हा डबा म्हणजे होम थिएटरचा रिसीव्हर. दुकानातलं सगळ्यात स्वस्त मॉडेल. निवृत्तीनंतर घेतला, आणि खरं सांगायचं तर निव्वळ हौसेपोटी घेतला.

हा डबा करतो काय? सिनेमाचा ध्वनी त्याच्याकडे सहा वेगळ्या वाटांनी येतो. बहुतेक वाटांना शक्ती देऊन तो प्रत्येक वाट तिच्या स्पीकरकडे धाडतो. समोर डावा, उजवा आणि मधला, आपल्या बाजूला किंवा जरा मागे दोन, आणि खर्जासाठी सबवूफर. यालाच ५.१ म्हणतात.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत वॅट छापलेले असतात, त्यांना भुलू नका. पूर्वी म्युझिक सिस्टिमवर ‘पीएमपीओ’चे हजारोंचे आकडे असायचे, आठवतं ना? आता तितकं होत नाही, पण बारीक अक्षरं वाचलीत तर कळतं, की तो आकडा बहुधा एकच किंवा दोनच स्पीकर चालू असतानाचा आहे. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट मोठा वाटायचा तर शक्ती साधारण दहापट लागते. आपल्या हॉलमध्ये नेहमीच्या बोलण्याइतक्या आवाजाला एक वॅटसुद्धा पुरेसा होतो. तेव्हा स्वस्त डब्यात वॅट कमी म्हणून खंत करू नये.

आता मूळ मुद्दा. मागून पाऊस पडतोय असं आपल्याला वाटतं, ते कसं?

नैयायिक म्हणत, शब्द उत्पन्न होतो, त्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, पाण्यावर तरंग उठावेत तसा. किंवा कदंबाची कळी चहूबाजूंनी फुलावी तसा. शेवटचा शब्द कानात उत्पन्न होतो आणि तोच आपण ऐकतो. म्हणजे इंद्रिय प्राप्यकारी आहे, विषयाशी संपर्क झाल्याशिवाय ज्ञान नाही. बौद्धांनी यावर फार मार्मिक हरकत घेतली. शब्द कानाला येऊन भिडतो म्हणता, मग नगारा लांब पूर्वेकडे वाजतोय हे तुम्हाला कळतं कसं? कानात आलेला शब्द तर कानातच आहे!

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. उत्तर असं, की दिशा एका कानात फारशी येत नाही. ती मुख्यतः दोन कानांच्या फरकात असते. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा आणि किंचित हळू. हा उशीर जास्तीत जास्त किती? मिलीसेकंदाचा साधारण दोन तृतीयांश भाग. एवढ्याशा फरकावरून आपण दिशा ठरवतो, आणि रिसीव्हर याच फरकाशी खेळतो. खर्जाच्या लाटा फार लांब असतात, ८० हर्ट्झची लाट चार मीटरहून मोठी. डोक्याच्या मानाने ती इतकी मोठी, की दिशेचा पत्ता लागत नाही. म्हणून सबवूफर सोफ्याआडही चालतो. खालच्या मजल्यावरच्यांना चालतो की नाही, तो वेगळा विषय!

डबा आणला त्या रात्री मी मोठ्या कौतुकाने सिनेमा लावला आणि पत्नीला विचारलं, “हेलिकॉप्टर मागून गेलं की नाही?” ती म्हणाली, “अहो, मला कुठलं मागून न् पुढून? माझं सगळं याच कानातून येतंय.”

तिचा उजवा कान बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? पण त्याचा अर्थ त्या रात्री कळला. एका कानाच्या माणसाला दिशा तर अवघड जातेच, पण गलबल्यातून एक बोलणं वेगळं काढणंही अवघड जातं. ती सिनेमा अर्ध्यावर सोडून उठायची, त्याला मी कंटाळा समजत होतो.

उपाय त्याच डब्यात निघाला, मधल्या स्पीकरमध्ये. नुसते दोन स्पीकर असले की संवाद दोन्हींतून सारखा येतो आणि मध्ये भासतो. तो भासच, त्यालाही दोन कान लागतात. शिवाय संगीत आणि संवाद त्याच स्पीकरांत एकत्र, त्यामुळे आवाज वाढवला की दोन्ही वाढतात. ५.१ मध्ये बहुतेक संवाद मधल्या वाटेने येतो. मेनूत जाऊन फक्त मधल्या स्पीकरची पातळी ४ डेसिबलने वाढवली, बस्स.

यात एक खोच आहे. टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेलं असेल, तर बऱ्याचदा रिसीव्हरला दोनच वाटा मिळतात. तिथे ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ करा. आणि सोबतच्या मायक्रोफोनने मोजणी करताना पंखा बंद ठेवा. मी ठेवला नव्हता, तीनदा मोजणी फसली.

जुने सिनेमे एकाच वाटेचे, त्यांचं काय? रिसीव्हरमध्ये ‘सराउंड’चा पर्याय असतो. दोन्हीकडे सारखा असलेला ध्वनी तो मध्ये पाठवतो. १९७२चा ‘पिंजरा’ आम्ही तसाच पाहिला, सगळा मधल्या स्पीकरमधून. तिथे मात्र संवाद वेगळा उचलता येत नाही, कारण गाणीही त्याच वाटेने येतात. तरी ती शेवटपर्यंत बसली.

नातवंडं आली की मधला स्पीकर शून्यावर आणतात, त्यांना तो कर्कश वाटतो. ती गेली की मी पुन्हा चारवर नेतो. असो. आता प्रश्न घेऊ.