हिमसुट्टी : मौज आणि धांदल

आषाढात ओढ्याला पूर येतो, साकव पाण्याखाली जातो आणि शाळेला सुट्टी मिळते. ही सुट्टी वेळापत्रकात नसते, म्हणून तर मुलांना ती अधिक गोड लागते. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मुलांना अशीच सुट्टी हिवाळ्यात मिळते. तिकडे पाण्याऐवजी हिम आडवे येते. त्या हिमसुट्टीची आज ओळख करून घेऊ.

आपण म्हणाल, तिकडे हिम दरवर्षीच पडते, मग त्याचे एवढे काय? खरे आहे. थोड्याशा हिमाने तिथे कुणाचे अडत नाही. रस्त्यावर मीठ पसरतात, कारण मिठाचे पाणी साध्या पाण्याइतक्या लवकर गोठत नाही. पुढे रुंद पाते लावलेल्या गाड्या हिम बाजूला सारतात. पण रात्रभर वादळ होऊन फूटभर थर साचला, की मुलांना आणणाऱ्या पिवळ्या बसगाड्या घसरण्याचे भय असते. मग तिथला शिक्षणाधिकारी पहाटेच रस्त्यांची खबर घेतो, कधी स्वतः गाडी काढून पाहतो आणि उजाडण्यापूर्वी निर्णय देतो. शाळा भरवली आणि अपघात झाला तर दोष त्याचा. बंद ठेवली आणि दुपारी ऊन पडले, तरी बोल त्यालाच!

पूर्वी ही बातमी रेडिओवर कळे. निवेदक बंद शाळांची यादी वाचायचा आणि आपल्या गावाचे नाव कधी येते म्हणून मुले कान टवकारून बसायची. आता फोनवर निरोप येतो. रात्री कपडे उलटे घालून झोपले, उशीखाली चमचा ठेवला की हिम पडते, अशी मुलांची एक गमतीची समजूत आहे. सुट्टी मिळाली की दिवसभर घसरगाडी, हिमाचे गोळे आणि हिमाचा बुवा!

मोठ्यांची मात्र धांदल उडते. दारातले हिम फावड्याने उपसायचे, आणि ओले हिम चांगलेच जड असते. कामावर निघालेल्या आईला प्रश्न पडतो, लेकराला ठेवू कुठे? शाळेतल्या दुपारच्या जेवणावर ज्या गरीब मुलांची भिस्त, त्यांचे तर जेवणच चुकते.

शिवाय ही सुट्टी उसनी असते. मॅसॅच्युसेट्स राज्यात शाळेचे १८० दिवस भरावे लागतात. तिथल्या बॉस्टन शहरात २०१४-१५ च्या हिवाळ्यात नऊ फुटांहून अधिक हिम पडले. ट्रकांनी नेऊन रचलेला ढीग पुरता वितळायला १४ जुलै उजाडला! बुडालेले दिवस मुलांनी जूनमध्ये फेडले.

न्यूयॉर्क शहराने करोनाच्या साथीनंतर यावर तोड काढली : हिम पडले तर घरूनच संगणकावर शाळा. पण १३ फेब्रुवारी २०२४ ला हा प्रयोग केला, तेव्हा पुष्कळ मुलांना सकाळी त्या शाळेत शिरताच येईना. आणि संगणकातून धडा घरी जाईल, जेवणाचे ताट कसे जाणार?

गुरुजी, पावसाची सुट्टी सांगाल तेव्हा मुले उड्या मारतील, मारू द्या. पण त्या दिवशी आपल्याही शाळेतली खिचडी शिजत नाही. कोणाचे मूल त्या खिचडीच्या भरवशावर येते, ते आपल्याला ठाऊक असते. पाऊस ओसरला की त्या घरी एक चक्कर टाका.